चित्र हलतंय, पण जिवंत का वाटत नाही?

या महिन्यात ॲनिमेशन आणि ड्रॉइंग शिकणाऱ्यांची पत्रं इतकी आलीत की बाकी विषयांचे प्रश्न पुढच्या अंकात घेतेय, त्या वाचकांनी प्लीज रागावू नका. लांब पत्रं थोडी कापलीयेत, नावं कोणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न – नमस्कार ताई, मी मूळची सांगलीची, सध्या पुण्यात ॲनिमेशनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळेपासून माझं ड्रॉइंग चांगलं, एलिमेंटरी इंटरमिजिएट दोन्हीला ए ग्रेड, पोर्ट्रेट तर हुबेहूब काढते, घरच्यांनी सगळ्या पाहुण्यांची माझ्याकडून काढून घेतलीयेत. पण इथे आल्यापासून सगळं उलटंच झालंय. वॉक सायकल, म्हणजे चालण्याची परत परत फिरणारी चित्रं, चार वेळा केली आणि चारही वेळा सर म्हणाले हा माणूस चालत नाहीये, तरंगतोय, वजनच नाही त्याला. माझ्या बाजूला बसणाऱ्या मुलाचं ड्रॉइंग माझ्यापेक्षा कच्चं आहे तरी त्याचा माणूस चालतो. मी चुकीच्या लाइनला आले का असं वाटायला लागलंय.

उत्तर – अगं, लाइन अजिबात चुकलेली नाही, आणि तुझा हात चांगला आहे हे पत्रासोबत पाठवलेल्या फोटोंवरूनच कळतंय. पण त्या सगळ्या फोटोंत मला एक गोष्ट दिसली, तुझं प्रत्येक चित्र छातीपाशी संपतं. इतकी वर्षं तू डोळे, केस, नाकाखालची सावली यावर मेहनत घेतलीस आणि तो माणूस जमिनीवर कुठे टेकलाय, कोणत्या पायावर उभा आहे हे तुला कधी काढावंच लागलं नाही. त्यात बरीचशी पोर्ट्रेट फोटोवरून केलेली असणार, म्हणजे माणूस आधीच थांबवून दिलेला. तुझ्या बाजूच्या मुलाला कदाचित नाक जमत नसेल पण त्याने माणसं चालताना बघितलीयेत.

आता वजनाचं बघू. वजन एका चित्रात फारसं दिसत नाही, ते दिसतं दोन चित्रांच्या मधल्या अंतरातून. बाउन्सिंग बॉल तुम्ही पहिल्या वर्षी केला असणार, तो परत काढून बघ. बॉल वर जाताना चित्रं जवळ जवळ येत जातात, अगदी वर तो रेंगाळतो, आणि खाली येताना चित्रांमधलं अंतर वाढत जातं. एका उडीला किती चित्रं लागली ते टायमिंग आणि ती एकमेकांपासून किती लांब लांब ठेवली ते स्पेसिंग. टायमिंग बरोबर असूनही सगळी चित्रं सारख्या अंतरावर टाकली तर बॉल फुग्यासारखा तरंगतो, आणि माझा अंदाज आहे की तुझ्या वॉक सायकलमध्ये हेच झालंय, कारण नीटनेटकं ड्रॉइंग करणाऱ्या मुलांना इन-बिटवीन, म्हणजे दोन मुख्य चित्रांमधली चित्रं, अगदी मधोमध टाकायची सवय असते, तेच त्यांना बरोबर वाटतं.

सेकंदाला २४ फ्रेम्स, टूजवर, म्हणजे एक चित्र दोन फ्रेम्स धरून, काम केलं तर १२ चित्रं हे तुला माहितीच आहे. साधं चालणं पकडलं तर एक पाऊल साधारण अर्ध्या सेकंदाचं, म्हणजे १२ फ्रेम्स, टूजवर ६ चित्रं. त्यात चार मुख्य पोझ, कॉन्टॅक्ट (टाच टेकते), डाउन (शरीर खाली), पासिंग (दुसरा पाय पुढे जातो), अप (शरीर सगळ्यात वर). यातली डाउन सगळ्यात महत्त्वाची आणि सगळेजण तीच घाईत उरकतात. टाच टेकली म्हणजे वजन आलं असं नसतं, टाच टेकल्यावर क्षणभराने अख्खं शरीर त्या पायावर येतं, गुडघा थोडा वाकून ते वजन झेलतो आणि डोकं सगळ्यात खाली तेव्हा असतं. मग पासिंगला तो पाय सरळ होतो, शरीर वर उचललं जातं. आता एक काम कर, तुझ्या चारही सायकल काढ, प्रत्येक चित्रात डोक्याच्या टोकावर लाल ठिपका दे आणि ते ठिपके जोडून बघ. सरळ रेघ आली तर तुझा माणूस एस्कलेटरवर उभा आहे. लाट आली पाहिजे. तसंच कमरेचं, समोरून बघितलं तर जो पाय उचललाय त्या बाजूची कंबर किंचित खाली जाते आणि खांदे त्याच्या उलट तिरके होतात. तू कंबर आणि खांदे दोन्ही पट्टीने आखल्यासारखे ठेवतेस का ते बघ, मला वाटतं ठेवतेस.

आणि एक माझ्या स्वतःच्या शिकण्यातलं सांगते. माझ्या पहिल्या नोकरीत मला एक सीन दिला होता, बाई हंडा उचलून कमरेवर घेते, बास एवढंच, चार सेकंद. मी तीन दिवस केला आणि माझ्या सीनियरने बघितला आणि काही न बोलता मला स्टुडिओच्या मागच्या नळावर नेलं, बादली भरायला लावली आणि उचल म्हणाले. मग अर्धी ओतून परत उचल. मग रिकामी. दहा-बारा वेळा. तेव्हा कळलं की भरलेली बादली उचलायच्या आधी मी पाय फाकवते, श्वास घेते, खाली जाते आणि बादली हलायच्या आधी माझा खांदा ताणला जातो, दुसरा हात आपोआप लांब जातो तोल सांभाळायला. रिकामी बादली मी बघतसुद्धा नाही, चालता चालता उचलते. बादली तीच, चित्रात ती सारखीच दिसते, ती भरलेली आहे हे माझं शरीर सांगतं. ॲनिमेशनच्या भाषेत याला अँटिसिपेशन म्हणतात, पण तो शब्द पाठ होता तेव्हा मला ते येत नव्हतं आणि हात दुखल्यावर आलं.

ते १२ प्रिन्सिपल्स तुम्हाला परीक्षेला लिहायला लावतात ना, ते डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या दोन ॲनिमेटर्सनी १९८१ मध्ये पुस्तकात मांडले, त्याच्या आधी कित्येक वर्षं ती मंडळी कामातूनच ते शोधत होती. आपल्याकडे तर ते पुस्तक यायच्या २५ वर्षं आधी, १९५६ मध्ये, डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून युनिटला शिकवायला आले होते, राम मोहन त्याच युनिटमध्ये घडले आणि पुढे त्यांनी आपल्याकडच्या कितीतरी ॲनिमेटर्सना घडवलं. ही विद्या हाताकडून हाताकडे आलेली आहे. म्हणून सर तरंगतंय म्हणाले की वाईट वाटून घेऊन गप्प बसू नकोस, कुठल्या फ्रेमला तरंगतंय ते विचार, त्यांच्या शेजारी बस आणि फ्लिप करून दाखवा म्हण.

आता पुढचा एक महिना पोर्ट्रेट बंद. रोज संध्याकाळी स्वारगेटच्या एसटी स्टँडवर जाऊन बसत जा, एक स्वस्तातली वही आणि पेन घेऊन, पेन्सिल नको कारण तू खोडशील. ३० सेकंदात एक माणूस. चेहरा काढायचाच नाही. डोक्यापासून वजन असलेल्या पायापर्यंत जाणारी एक रेघ आधी, मग बाकीचं. गाडी सुटलेला माणूस आणि गाडीची वाट बघणारा माणूस, दोघं उभेच असतात पण पाठ वेगळी असते, ती पाठ पकड. झोपलेलं मूल खांद्यावर घेतलेल्या बाईचं मूल पाच मिनिटांनी जड व्हायला लागतं तेव्हा ती खांदा बदलत नाही, आधी कंबर बदलते, हे मी तिथेच बघितलंय. आणि घरी आल्यावर दळणाची पिशवी, गिरणीतून आणलेली, अर्धी भरलेली, खालचे दोन कोपरे पाय आणि वरचे दोन हात समज आणि तिला दुःखी कर, आनंदी कर, उडी मारायला लाव. हा सराव जगभर करून घेतात, चेहरा नसताना भाव काढायला दुसरं इतकं चांगलं काही मला माहीत नाही.

मोबाइलवर स्वतःचा चालतानाचा व्हिडिओ काढून बघायला काहीच हरकत नाही, उलट काढच, पण फ्रेम फ्रेम ट्रेस करू नकोस. त्यातून चार पोझ निवड, मोबाइल बंद कर आणि त्या जरा वाढवून काढ. ट्रेस केलेलं बरोबर असतं पण मऊ पडतं, का ते तुला स्वतः एकदा करून बघितल्यावर दिसेल.

प्रश्न – ताई माझं बजेट १५ हजार आहे, कोणता टॅब घेऊ? स्क्रीनवाला घेतला तरच नीट शिकता येतं असं मित्र म्हणतात. – पहिलं वर्ष, कोल्हापूर

उत्तर – पहिल्या वर्षाला आहेस तर आत्ता घेऊच नकोस असं मी म्हणेन. घ्यायचाच असेल तर बिनस्क्रीनचा साधा पेन टॅबलेट पुरतो, हात टेबलावर आणि डोळे स्क्रीनवर याची सवय व्हायला दोन आठवडे लागतात, मग काही वाटत नाही, उरलेल्या पैशांत कागद आण. सॉफ्टवेअरला एक रुपया घालवू नकोस आणि क्रॅक केलेलं तर बिलकुल टाकू नकोस. क्रिता, ब्लेंडर, ओपनटून्झ हे सगळे फुकट आहेत. ओपनटून्झ म्हणजे ज्या टून्झ सॉफ्टवेअरवर जपानच्या स्टुडिओ जिबलीत काम झालं त्याचीच २०१६ मध्ये सगळ्यांसाठी मोकळी केलेली आवृत्ती, आणि ब्लेंडरमध्ये बनलेल्या फ्लो नावाच्या लॅटव्हियाच्या फिल्मला २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं, त्यामुळे फुकटचं म्हणजे शिकाऊ असं डोक्यातून काढून टाक.

खालचं चित्र वरच्या कागदातून दिसावं म्हणून लागणारा लाइट बॉक्स घरी होतो, दुधी ॲक्रिलिक शीटखाली एलईडी पट्टी, बास. कागद एकाच जागी धरणाऱ्या पेगबारच्या जागी ऑफिसमधलं दोन भोकांचं पंच आणि एका पट्टीवर चिकटवलेल्या दोन गोल खुंट्या, फक्त भोकं सगळ्या कागदांना अगदी सारखी पडली पाहिजेत नाहीतर चित्र थरथरतं. शूटिंगला मोबाइल. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीत वाटाणा पेरून त्याचं रोप वाढताना थोडी थोडी फ्रेम करत शूट केलं होतं, राजा हरिश्चंद्रच्या आधी, पैसे लावणाऱ्याला विश्वास बसावा म्हणून. १९१५ मध्ये काडेपेटीतल्या काड्या हलवून आगकाड्यांची मौज केली. फ्रेम फ्रेम शूट करायची जी सोय त्यांनी लंडनहून आणलेल्या कॅमेऱ्यात होती ती आज तुझ्या खिशातल्या फोनमध्ये आहे.

प्रश्न – मॅडम, मी बीड जिल्ह्यातला, फायनल इयरला आहे. दीड मिनिटाची डिप्लोमा फिल्म करायचीये. माझी स्टोरी अशी आहे की आजोबांनी विहीर खणली, तेव्हा पाणी भरपूर, मग बाबांच्या काळात पाणी खाली गेलं, बोअर मारले, कर्ज झालं, आजी वारली, बाबा ऊसतोडीला गेले आणि मी शहरात आलो. गाइड म्हणतात हे दीड मिनिटात बसत नाही, पण यातलं काहीच काढून टाकावंसं वाटत नाही कारण हे सगळं खरं घडलेलं आहे.

उत्तर – तुझं पत्र मी दोनदा वाचलं. काही काढावंसं वाटत नाही हे मला समजतंय रे, घरचं आहे ते. पण आधी हिशोब बघ. ९० सेकंद, सेकंदाला १२ चित्रं, म्हणजे एका माणसाची १०८० चित्रं. तू एकटा आहेस, रोज १५ चित्रं क्लीन केलीस तरी ७२ दिवस, त्यात रंग नाही, बॅकग्राउंड नाही, आवाज नाही. गाइड तुझ्या गोष्टीच्या विरोधात नाहीयेत, ते तुझे दिवस मोजतायत.

मी काय करेन ते सांगते, तू तसंच कर असं नाही. तुझ्या पत्रात एका वाक्यात तू लिहिलंयस की विहिरीच्या काठावरच्या दगडाला दोर घासून घासून खाच पडलीय. मला वाटतं तीच तुझी फिल्म आहे. एकच फ्रेम, विहिरीचा काठ, तो दगड, आणि आत जाणारा दोर. पहिल्यांदा दगड गुळगुळीत, दोर नवा, एका तुकड्याचा, पोहरा सोडला की लगेच डुबुक असा आवाज. फ्रेम तीच. आता खाच पडलीय, हात वेगळे आहेत, दोराला दुसरा तुकडा गाठ मारून जोडलाय, आवाज यायला वेळ लागतो. परत तीच फ्रेम. खाच खोल, दोराला तीन गाठी, एक तुकडा आजीच्या लुगड्याचा, आणि दोर जातोय जातोय, आपण आवाजाची वाट बघतोय. आजी वारली हे सांगायला वेगळा सीन नको, लुगड्याचा तुकडा पुरतो, फक्त तिने ते लुगडं नेसलेलं पहिल्या भागात काठाशी एकदा दिसायला हवं. कर्ज, बोअर हे सांगायचंच असेल तर मागून बोअरच्या गाडीचा आवाज येऊ दे, चित्र नको. आणि शेवटी जेव्हा आपण आवाजाची वाट बघत असतो तेव्हा तुला एकही नवीन चित्र काढावं लागत नाही, चित्र थांबलेलंच आहे, काम आवाज करतोय, किंवा आवाज नसणं करतंय. टायमिंगने गोष्ट सांगणं म्हणजे मला हेच म्हणायचंय. सोडल्यापासून आवाज येईपर्यंतचा वेळ तीनदा मोजायचा, वाढत गेलेला, दुष्काळावरचं भाषण करूनही लोकांना जे कळत नाही ते त्या तीन थांबण्यांतून आत जाईल.

फ्रेम तीच ठेव म्हणतेय त्यालाही कारण आहे. बघणाऱ्याला काय बदललं हे दिसायचं असेल तर बाकीचं बदलून चालत नाही. जमलं तर एकदा अजिंठ्याला जाऊन ये, १७ नंबरच्या लेण्यात विश्वंतर जातक, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्माची एक गोष्ट, आहे, त्यात तोच राजपुत्र एकाच भिंतीवर परत परत येतो, चौकटी आखलेल्या नाहीत, खांब आणि मंडप यांनीच प्रसंग वेगळे होतात आणि तरी आपण कोण कुठे चाललंय ते वाचू शकतो. तासभर त्या भिंतीसमोर उभा राहा, टॉर्च किंवा फ्लॅश नको. दुसरं, शि. द. फडणीसांची हास्यचित्रं काढून बघ. शब्दच नाहीत, आणि तरी नजर आधी कुठे जाते, मग कुठे, आणि हसू कुठे फुटतं हे सगळं त्यांनी ठरवलेलं असतं. नजर कुठून कुठे न्यायची हे जो ठरवतो तो गोष्ट सांगतो, कागदावर काय आणि पडद्यावर काय.

स्टोरीबोर्ड करताना मोठी सुंदर चित्रं काढत बसू नकोस, काडेपेटीएवढे चौकोन, काड्यांची माणसं चालतील. सगळे चौकोन झाले की होस्टेलच्या मेसमधल्या काकूंना दाखव, आणि तोंड उघडायचं नाही. ही विहीर आहे, हे आजोबा आहेत असं काहीही सांगायचं नाही. जिथे त्या थांबून तुझ्याकडे बघतील तो चौकोन चुकलाय, तो परत काढ. मग मोबाइलवर त्या चौकोनांचे फोटो लावून, खाली पोहऱ्याचा आवाज टाकून ॲनिमॅटिक बनव आणि परत त्यांनाच दाखव. वर्गातल्या मुलांना शेवटी दाखव, ती फार लवकर समजून घेतात.

तुझी बाकीची गोष्ट, बाबांची, ऊसतोडीची, ती वहीत लिहून ठेव तारखा घालून. तिला दीड मिनिट पुरणार नाही, तिच्यासाठी वेगळी जागा लागेल.

प्रश्न – मी कुडाळजवळचा आहे, आमच्या इथे पिंगुळीला चित्रकथी आहे हे बाहेर गेल्यावर कॉलेजात कळलं, तोपर्यंत कधी गेलोच नव्हतो. आता प्रोजेक्टमध्ये ती स्टाईल वापरायचीये. नेटवरून इमेजेस घेतल्यात. चालेल ना?

उत्तर – नाही चालणार, आणि तू तर हाकेच्या अंतरावर आहेस, तू नेटवरून का घेतोयस? ठाकर समाजातल्या लोकांनी पिढ्यानपिढ्या सांभाळलेली कला आहे ती, पिंगुळीला गंगावणे कुटुंबाने घराजवळच म्युझियम उभं केलंय, परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. जा, बस, आधी नुसतं ऐक. कारण चित्रकथी म्हणजे मोठा डोळा आणि बाजूने काढलेला चेहरा एवढंच नाहीये, तेवढं उचललंस तर तुझ्या कॅरेक्टरने नवा शर्ट घातला इतकंच होईल. ती चित्रं एकामागून एक पुढे धरत सांगायची आहेत, गाण्याबरोबर, वाद्याबरोबर. चित्र कधी बदलतो, चित्र बदलायच्या आधी आवाज पुढे जातो की मागे राहतो, एका चित्रावर किती वेळ थांबतो, एडिटिंग आहे हे सगळं, आणि तुला वर्गात शिकवतायत त्याच्या खूप आधीचं.

तिथे चामड्याच्या बाहुल्याही आहेत, सावलीच्या खेळाच्या. त्या बघितल्यास की मग लोटे रायनिगरची १९२६ ची प्रिन्स अखमेद बघ, जर्मनीत काळा कागद कात्रीने कापून, सांधे जोडून केलेली अख्खी फीचर फिल्म. नुसत्या बाह्यरेषेवर भाव कसा दिसतो ते दोन्हीकडे दिसेल. तुझ्या स्वतःच्या कॅरेक्टरला काळ्या रंगाने पूर्ण भरून बघ, तो काय करतोय ते तरीही कळलं तर पोझ पास.

आणि परवानगी विचार, टायटलमध्ये नाव दे, त्यांचा दिवस घेतलास तर त्याचे पैसे दे. कॉलेजचा प्रोजेक्ट आहे म्हणून फुकट असं नसतं.

प्रश्न – माझा मुलगा बारावी सायन्सला आहे, त्याला ॲनिमेशनच करायचं आहे. आम्ही दोघं नोकरी करतो, फार मोठी फी झेपणार नाही. एका ठिकाणी चौकशीला गेलो तर म्हणाले शंभर टक्के जॉब गॅरंटी, आजच सीट बुक करा. ह्यांना हे क्षेत्रच बेभरवशाचं वाटतं. काय करावं? – एक आई, नाशिक

उत्तर – ताई, आजच बुक करा म्हणणाऱ्या ठिकाणी उद्या जाऊ नका, हे पहिलं. मी स्वतः ज्या संस्थेत सुरुवात केली तिथे पहिल्याच महिन्यात आम्हाला कॉम्प्युटरवर बसवलं, वर्षभर मेन्यू पाठ केले आणि माणूस काढायला मी नंतर नोकरीत शिकले, त्यामुळे या विषयावर मी जरा कडक आहे. चौकशीला गेलात की दोनच गोष्टी मागा, गेल्या वर्षीच्या साध्या मुलांच्या फायनल फिल्म्स दाखवा म्हणा, जाहिरातीतल्या टॉपरच्या नकोत, आणि आठवड्याला ड्रॉइंगचे तास किती आणि ते कोण घेतं ते विचारा. उत्तर देताना विषय सॉफ्टवेअरकडे गेला तर तुम्हाला कळेलच.

सरकारी वाटा आहेत. अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) ॲनिमेशन फिल्म डिझाइन आहे, तिथली प्रवेशपरीक्षा डॅट. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात बी. डेस. ही पदवी, त्याला यूसीड ही परीक्षा, दोन्हींना सायन्सच हवं असं नाही पण सायन्स असल्याने बिघडतही नाही. आणि आपल्या राज्यात बीएफए ही कलेची पदवी, त्याची सीईटी वेगळी असते, मुंबईच्या जे.जे. अप्लाइड आर्टलाही बीएफए आहे. गीतांजली राव तिथेच शिकलेल्या, ॲनिमेशन त्या राम मोहन यांच्या स्टुडिओत काम करता करता शिकल्या आणि २००६ मध्ये एकटीने रंगवलेली त्यांची छोटी फिल्म फ्रान्समधल्या कान फिल्म महोत्सवाला जाऊन बक्षिसं घेऊन आली. तारखा आणि फी दरवर्षी बदलतात, त्या त्या संस्थेच्या माहितीपत्रकातच बघा.

मुलाच्या बाबांची काळजी चुकीची नाहीये. या क्षेत्रात काम प्रोजेक्टवर चालतं, एक प्रोजेक्ट संपला की दुसरा मिळेपर्यंत मध्ये गॅप पडतो, सुरुवातीचा पगार बेताचा, डेडलाइनला रात्री जागाव्या लागतात. पण ॲनिमेशन म्हणजे फक्त कार्टून काढणं असंही नाही, स्टोरीबोर्ड, लेआउट, बॅकग्राउंड, रिगिंग (कॅरेक्टर हलवायला सांधे बसवणं), कंपोझिटिंग (चित्राचे सगळे थर एकत्र करणं), एडिटिंग अशी कितीतरी वेगवेगळी कामं आहेत आणि मुलाला स्वतःलाही अजून माहीत नसेल त्याला यातलं काय आवडतं. त्याला या सुट्टीत वर लिहिलेली दळणाची पिशवी करायला सांगा. महिनाभर रोज बसला तर ह्यांच्याशी बोलायला तुमच्याकडे काहीतरी दाखवण्यासारखं असेल.

प्रश्न – एआय एका मिनिटात जे करतं ते शिकायला मी चार वर्षं घालवतोय. खरंच उपयोग आहे का? – तिसरं वर्ष, मुंबई

उत्तर – नोकऱ्यांवर परिणाम होणार नाही असं मी तुला सांगणार नाही, होतोय, माझ्या ओळखीतल्या बॅकग्राउंड आणि कन्सेप्ट करणाऱ्यांची कामं कमी झालीयेत आणि त्याचा मला त्रास होतो. पण वरचं बीडच्या मुलाचं पत्र वाच. एआयला दुष्काळाची फिल्म माग, भेगाळलेली जमीन आणि आकाशाकडे बघणारा शेतकरी येईल, कारण सगळ्यांनी तेच काढून ठेवलंय. दगडावरची खाच येणार नाही, ती त्याच्या घरच्या विहिरीवर आहे. तू चार वर्षांत काय बघायला शिकलास त्यावर तुझं उत्तर अवलंबून आहे, त्यामुळे मला पुढच्या पत्रात तुझं काम पाठव, मत नको पाठवूस.

प्रश्न – मावशी, मी आठवीत आहे. मला फ्लिपबुक करायचंय. किती पानांचं करू? मी चालू केलं होतं पण माझं चित्र मधेच मोठं मोठं होत गेलं. – गडहिंग्लज

उत्तर – वा, किती छान! दुकानात चिकटणाऱ्या कागदांचा छोटा पॅड मिळतो तो घे, किंवा जुन्या वहीचा कोपरा चालेल, ४० ते ५० पानं पुरे. चित्र मोठं होत जातं कारण तू फक्त आधीच्या पानाकडे बघून काढतोस, थोडं थोडं चुकतं आणि ते साठत जातं. म्हणून असं कर, पहिलं पान काढ, शेवटचं पान काढ, मग बरोबर मधलं काढ, मग त्या दोघांच्या मधलं. आणि मागच्या पानापासून सुरुवात कर म्हणजे खालचं चित्र वरच्या कागदातून दिसतं, अंगठ्याने सोडतानाही ते मागून पुढे नीट जातं. पहिल्या फ्लिपबुकात माणूस नको, एक पाण्याचा थेंब नळातून पडतो एवढंच कर. थेंब आधी नळाला लोंबकळतो, लांब होतो, तिथे सात-आठ पानं दे, आणि मग सुटला की दोन-तीन पानांत खाली. आईला सांग नळ थोडा सैल ठेव, खाली बादली लाव आणि आधी खरा थेंब बघ.